राबत्याचं ताट

बुटाची नाडी बांधताना दम लागायला लागला तेव्हा मी नाडीचे बूट सोडून दिले आणि चपला घेतल्या. पोटाचं काही करावं असं डोक्यातच आलं नाही. सदऱ्याचं खालचं बटण लागेना, तर सदरा बाहेर सोडायला लागलो. औरंगपुऱ्यातला शिंपी पँट उसवताना म्हणाला, "साहेब, आता आत कापडच उरलं नाही," तर मी त्याच्यावरच चिडलो. माझा स्वभावच असा. चूक माझी असली की राग मला दुसऱ्याचा येतो.

पोट काही एका दिवसात आलं नव्हतं. सरकारी ऑफिसातली बैठी नोकरी. कामाला आलेला माणूस आधी चहा सांगायचा, मग काम सांगायचा. चहाबरोबर भजी यायची. घरी यायला उशीर, जेवायला त्याहून उशीर, टीव्हीसमोर वरण-भाताचा डोंगर, वर तुपाची धार, आणि ताटावरून उठलो की थेट गादी. रविवारी सकाळी गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या दोस्ताबरोबर जुन्या शहरात नान-खलिया खायला जाणं हा तर आमचा नेमच होता. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. माझ्या बाबतीत विठोबाची पाळीच येत नव्हती.

या पोटाचा अभिमान घरात फक्त एका माणसाला होता. माझ्या वडिलांना. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आई गेल्यावर त्यांनी शेत चुलतभावाला बटईनं दिलं आणि आमच्याकडं शहरात, गारखेड्याला राहायला आले. निजामाच्या काळात उर्दू शाळेत दोन-तीन इयत्ता काढलेला, उभी हयात मातीत राबलेला, काठीसारखा सरळ माणूस. संध्याकाळी ओट्यावर बसायचे. मी ऑफिसातून आलो की शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आला आमचा साहेब. पोट बगा त्याचं. एका भाकरीचं पोट न्हाय ते!" मी ओशाळायचो. ते माझ्या पोटावर हात ठेवून हसायचे. लग्नाकार्यात ओळख करून देतानाही आधी माझं पोट दाखवायचे आणि मग हुद्दा सांगायचे.

मी पुढं पोट उतरवलं आणि ते चांगलंच केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या वर्षी माझं पोट उतरत गेलं त्याच वर्षी माझ्याशेजारी बसून अण्णाही उतरत गेले. रोज एका पंगतीला बसून आम्हाला ते कळलं नाही. ही हळहळ काही माझी पाठ सोडत नाही.

झालं असं की ऑफिसचा जिना चढताना एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली. क्रांती चौकाजवळच्या एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करायला लावली आणि एक टेप घेऊन चक्क माझी कंबर मोजली. आकडा त्यांनी मला वाचायला लावला. साखर काठावर होती, यकृतावर चरबी होती. मी गोळ्यांची चिठ्ठी मिळेल म्हणून हात पुढं केला, तर ते म्हणाले, "आत्ता औषध देत नाही. ताट बदला, जेवायची वेळ बदला आणि पाय हलवा. सहा महिन्यांत हे पोट उतरलं नाही तर मग औषध आहेच, जन्मभराचं."

जन्मभराचं म्हटल्यावर मी घाबरलो. घाबरट माणूस नेमाला पक्का असतो. सकाळी उजाडताच दोस्ताला घेऊन चालायला जायला लागलो. त्यालाही गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतंच. पहिल्या दिवशी मैदानाला एक चक्कर मारून आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो आणि एकमेकांकडं बघून हसत सुटलो. पुढं चकरा वाढल्या. चहातली साखर गेली. भजी गेली. ऑफिसात लोकांनी मागवलेलं मी परत पाठवायला लागलो, तर लोकांना वाटलं साहेब आता सरळ झाले, म्हणजे काम होणार नाही.

ताट तर पार बदललं. ज्वारीची अर्धी भाकरी, वाटीभर मोडाची मटकी नाहीतर मुगाचं घट्ट वरण, पालेभाजी, काकडी-मुळ्याचा ढीग आणि ताक. भात बंद. रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आत. बायकोनं वेळ बदलली, स्वयंपाक बदलला, स्वतःही तसंच जेवायला लागली. पहिला महिना काही फरक नाही. नुसती चिडचिड. कुकरची शिट्टी झाली तरी डोळ्यात पाणी यायचं. मग एके दिवशी पट्टा एक भोक आत गेला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

अण्णांना मी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणालो, "अण्णा, हे पोट चांगलं नाही. डॉक्टर म्हणतात, याच्यानं साखरेचा आजार होतो."

अण्णा माझ्या पोटाकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांचं कौतुक वाया गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाले, "डाक्टरनं सांगितलं तर कर बाबा. जिवापरीस काय हाय?"

तेवढ्यावर तो विषय संपला असं मी धरून चाललो.

आमच्याकडं जेवायला खाली बसायची पद्धत. मी आणि अण्णा शेजारी शेजारी, समोर बायको, मधे भाकरीची दुरडी. ती पहिल्यांदा माझ्या ताटात वाढायची. अण्णांनीच तशी रीत लावली होती. ती आधी त्यांना वाढायला गेली की ते ताट मागं ओढायचे, "आधी त्याला वाढ." आम्हाला वाटायचं, मुलाचं कौतुक. मी अर्धी भाकरी घेतली की अण्णाही अर्धीच घ्यायचे. बायको म्हणायची, "अण्णा, तुम्हाला कुठं पोट उतरवायचंय? घ्या की अजून." ते माझ्या ताटाकडं एकदा बघायचे आणि हात आडवा धरायचे, "बास."

दुपारी मी घरी नसायचो. बायको सांगायची, अण्णा पानावर बसले की विचारतात, त्याच्या डब्यात काय दिलं? तिनं सांगितलं, अर्धी भाकरी आणि भाजी, तर म्हणतात, मलाबी तेवढंच दे. तिला त्याचं फार अप्रूप वाटायचं. मलाही वाटायचं. म्हातारपणी माणूस लेकराच्या चालीनं चालतो म्हणून आम्ही हसायचो.

एकदा तर त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "सूनबाई, घरात जवारी हाय ना?" तिनं कोठीचं झाकण उघडून काठोकाठ भरलेली ज्वारी दाखवली. अण्णांनी त्यात हात घातला, मूठभर दाणे वर काढले, परत सोडले आणि ओट्यावर जाऊन बसले. बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, गावची आठवण येत असेल.

रविवार मात्र वेगळा असायचा. आठवड्यातून एक दिवस मला सूट होती. रविवारी मटण शिजायचं आणि मी दोन-दोन भाकऱ्या कुस्करून रश्श्यात घालायचो. त्या दिवशी अण्णाही दोन भाकऱ्या खायचे, बोटं चाटायचे, ढेकर द्यायचे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला मटण गोड लागतं! सोमवारी परत अर्धी भाकरी. आठवड्यात सहा दिवस भूक नसणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी कशी काय लागते, एवढा साधा प्रश्न आम्हा दोन शिकलेल्या माणसांना पडला नाही. गाढवपणा म्हणतात तो हाच.

पोट दिसेनासं व्हायला लागलं तशी माझी मान ताठ झाली. जो भेटेल त्याला मी आहारशास्त्र शिकवायला लागलो. ऑफिसच्या जिन्यात, घरासमोर गल्लीत, जिथं गाठ पडेल तिथं अडवून मुगाचे फायदे सांगायचो. आणि उदाहरण म्हणून कुणाला पुढं करायचो? अण्णांना. "आमच्या अण्णांकडं बघा. या वयात पोटाचा पत्ता नाही, साखर नाही, दिवसाला एका भाकरीच्या वर खात नाहीत. जुनी माणसं उगाच नाहीत टिकली!" गल्लीत हे चाललेलं असताना अण्णा समोर ओट्यावर बसलेले असायचे. मी हे बोललो की ते नुसते हसायचे. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पहिल्यांदा टोकलं ते माझ्या चालण्यातल्या दोस्तानं. तो अण्णांना अब्बाच म्हणायचा. एका सकाळी मैदानावर चालता चालता थांबला आणि म्हणाला, "एक बात बोलूं क्या? पेट तो तुम घटा रे ना? फिर अब्बा कायकू घट रें?"

मी म्हणालो, "अरे, त्यांची काठीच सडपातळ आहे."

"सडपातळ अलग, सूखना अलग," तो म्हणाला. "कल सलाम किया तो हात हात में लिया मैंने. हड्डी लगी यार."

मी तो विषय हसण्यावारी नेला. वय झालं, म्हणालो. वय हे फार सोयीचं उत्तर आहे. म्हाताऱ्या माणसाचं काहीही झालं तरी ते लागू पडतं.

त्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण, आक्का, डोळे दाखवायला गावाहून आली. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. उंबऱ्यात पाय ठेवताच अण्णांना बघून तिचा चेहरा उतरला, पण प्रवासातून आलेली, आधी हातपाय धुवायला गेली. संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. बायकोनं मला अर्धी भाकरी वाढली. अण्णांनी माझ्या ताटाकडं बघितलं आणि अर्धी उचलली. आक्कानं हातातला घास ताटात ठेवला.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी अजूनबी तेच करता व्हय?"

अण्णा म्हणाले, "काय?"

"काय म्हंजे? राबत्याचं ताट बगून खाता का न्हाय?" मग ती माझ्याकडं वळली. "भाऊ, तू आधी नीट जेव. तू खाल्ल्याबिगर ह्यो म्हातारा खाणार न्हाय. मारशील त्याला."

मला काही कळेना. अण्णा मान खाली घालून ताक प्यायला लागले. जेवणं झाल्यावर भांडी घासता घासता आक्कानं मला आणि बायकोला सगळं सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात एक रीत होती. अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे बाहेरच्या देशातून आलेली ज्वारी. त्याच्या भाकऱ्या भाजल्या की आई पहिली अण्णांच्या ताटात वाढायची. जो राबतो त्यानं आधी खायचं, आणि तो जेवढं खाईल त्याच्यापेक्षा घासभरही जास्त बाकी मोठ्या माणसांनी खायचं नाही. लहान लेकरांना ही रीत लागू नव्हती. मी लहान होतो. शाळेत सुकडी मिळायची ती खायचो, घरी येऊन परत खायचो, आणि आईच्या मांडीवर झोपायचो. आक्काला मात्र मोठ्यांत धरलं होतं. ती आणि आई अण्णांचं ताट बघून जेवायच्या.

"अण्णा कामावरून येताना तापलेले असायचे," आक्का म्हणाली. "घास घशाखाली उतरायचा न्हाय. तरी खायचे. कामून? त्यांनी टाकलं तर आईबी टाकणार, मीबी टाकणार. आमच्यासाठी जेवायचे ते, भाऊ. डोळ्यातून पाणी यायचं, पण भाकर संपवायचे."

मी नळ बंद केला. हे सगळं माझ्याच घरात घडलं होतं आणि मला ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही, हे खरं. पण मी कधी विचारलं होतं? अण्णांच्या दुष्काळाबद्दल मला एवढंच माहीत होतं की सुकडी गोड लागायची.

बायको पदर तोंडाला लावून रडत होती. "वाढणारी मी," ती म्हणत होती, "मला कळायला नको होतं?"

मी ओट्यावर अण्णांजवळ जाऊन बसलो. आधी रागच आला होता, माझ्या स्वभावाप्रमाणं. म्हणालो, "अण्णा, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, डॉक्टरनं कमी खायला सांगितलंय म्हणून? घरात काय कमी आहे?"

"कमी काय न्हाय," अण्णा म्हणाले. "मला कळतंय की. मी काय येडा हाय का?"

"मग?"

समोरच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू ताटावरून उपाशी उठायचास. मी भरल्या पोटानं कसा उठू?"

पोट उतरवताना मी तज्ज्ञांसारखा सगळा हिशेब केला होता. कुठल्या डाळीनं काय होतं, कधी जेवल्यानं काय होतं, किती चाललं की काय जळतं. राबत्याच्या ताटाकडं बघून घर जेवतं, एवढीच गोष्ट राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी भरून जेवायला लागलो. बायको दुरडी जवळ घेऊन बसायची. मी दोन भाकऱ्या घ्यायचो, अण्णा दोन घ्यायचे. आक्का समोर बसून बघायची. आठ-दहा दिवस असं वाटलं की सगळं ठीक होणार. आक्का निर्धास्त होऊन गावाला गेली. पण अण्णांचं पोट आता तेवढं घेईना. दोनाची दीड झाली, दिडाची एक. कधी जेवल्यावर लगेच उलटी व्हायची. त्यांना त्याची लाज वाटायची, माझ्यापासून लपवायचे. मी परत क्रांती चौकात गेलो, त्याच डॉक्टरांकडं, अण्णांना घेऊन. त्यांनी अण्णांचा दंड आणि मांडी दाबून बघितली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या वयात गेलेली चरबी परत यायला वेळ लागत नाही. यांच्या वयात गेलेलं मांस परत येणं अवघड असतं. थोडं थोडं द्या, पुन्हा पुन्हा द्या." त्यांचं माझ्या कंबरेकडं लक्ष होतं. तोंडभर कौतुक केलं माझं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पाऊसकाळ संपताना अण्णांना ताप आला. साधाच ताप होता, गल्लीत घरोघरी होता. सगळे उठून कामाला लागले. अण्णांचा ताप उतरला, पण अंगात काही साठाच नव्हता, ते उठले नाहीत. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. बायको खिमट करायची, मऊ खीर करायची, चमचा तोंडाशी न्यायची. ते तोंड मिटून घ्यायचे. मग तिला एक युक्ती सुचली. तिनं माझं ताट खाटेजवळ मांडलं. मी भाकरीचा घास घेतला की अण्णा चमचाभर खीर घ्यायचे. मी पुढचा घेतला की ते पुढचा. असे आम्ही दिवसातून चार-पाच वेळा जेवायचो. मला भूक नसायची. पँट पुन्हा कंबरेला लागेना झाली. सकाळचं चालणं बंद झालं. दोस्त चालून परतताना दारात थांबायचा, अब्बांना सलाम करायचा, माझ्याकडं आणि ताटाकडं बघायचा आणि निघून जायचा.

खूप घास खाल्ले मी तेव्हा. अण्णांनी बहात्तर साली जे केलं ते मी तेव्हा करत होतो, फक्त उशिरा. त्यांनी वेळेवर खाऊन माणसं जगवली होती.

एका दुपारी बायकोनं ताट मांडलं. वरण-भात, भाकरी, मेथीची भाजी, वर लोणकढं तूप. मी घास घेतला. तिनं चमचा पुढं केला. अण्णांनी तोंड उघडलं नाही. मी दुसरा घास घेतला, त्यांना दिसावा म्हणून ताट उचलून खाटेच्या जवळ धरलं. त्यांनी ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते. बायकोचा हात त्यांनी हळूच बाजूला केला.

"अण्णा, एकच घ्या," मी म्हणालो. "बघा, मी घेतला."

"तू जेव," अण्णा म्हणाले. "पोटभर जेव. तू जेवलास की माझं झालं."

आणि ते माझ्याकडं बघत पडून राहिले. बायको चमचा वाटीत ठेवून आत गेली. मी भिंतीला टेकून बसलो, आणि ते बघत होते तोवर ताटातलं सगळं, भाकरी, भाजी, तुपाचा भात, एकेक घास करून संपवलं.